गोष्ट लिहायची आहे? आधी ती सांगून बघा

प्रत्येक घरात एखादी गोष्ट असते, जी लग्नकार्यात कुणीतरी काढतंच आणि सगळे परत हसतात. तीच लिहायला बसलं की तिचा जीव जातो. बोलताना "अगं, पुढचं तर ऐक!" म्हणणारी बाई कागदावर "सदर प्रसंग माझ्या बालपणी घडला" असं लिहिते. म्हणून पहिलं काम: पेन बाजूला ठेवा आणि गोष्ट सांगा.

ज्याला ती ठाऊक नाही असा एक माणूस समोर बसवा. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा आणि पाच मिनिटांत गोष्ट संपवा. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या त्रिकुटाने गावोगाव कथाकथनं केली. समोर माणसं बसलेली असली की कंटाळवाणी जागा लपत नाही. आपल्याला मांडव नको, एक चुलतभाऊ पुरतो.

सांगून झालं की लगेच दोन जागा कागदावर टिपा. तो "मग?" म्हणाला ती, आणि त्याने घड्याळाकडे पाहिलं ती.

आता सुरुवात. बहुतेकांची गाडी इथेच अडते. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात, म्हणजे पहिल्या भागात, निरूपण असतं आणि उत्तररंगात आख्यान, म्हणजे गोष्ट. बुवांना ते चालतं, कारण माणसं देवळात मांडी घालून बसलेली असतात. वाचक तसा बसलेला नसतो. गावाचं वर्णन, घराण्याचा इतिहास, वाड्याला किती खण होते, हे सगळं तूर्त झाका आणि पहिल्या "मग?"च्या जरा आधीपासून लिहायला घ्या. झाकलेल्यातलं जे खरंच लागेल ते पुढे आपोआप आत येतं. बरंचसं लागत नाही.

मग विशेषणं शोधा. माझ्या एका कच्च्या खर्ड्यात वाक्य होतं: "आजी अत्यंत काटकसरी होती." बरोबर आहे, पण दिसत काहीच नाही. मी स्वतःला विचारलं, हे मला कशावरून कळलं? तेव्हा मोरी आठवली. आजी साबणाची झिजलेली चिपटी नव्या वडीला ओल्या अंगठ्याने दाबून चिकटवायची. मग वाक्य असं झालं: "आमच्या घरात एका रंगाची साबणाची वडी मी कधी पाहिली नाही." काटकसर हा शब्द कुठेच नाही, आणि आजी मोरीत उभी आहे. तुमच्या खर्ड्यातल्या प्रेमळ, कडक, गरीब अशा प्रत्येक शब्दाला हाच प्रश्न विचारा. उत्तर आलं नाही तर शब्द खोडा.

संवादाचं थोडक्यात. "तू कुठे जात आहेस?" असं घरात कुणी विचारत नाही, "कुठं चाललीस?" म्हणतात. रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही जसं बोललात तसंच ठेवा. नागपूरचा माणूस "काय करून राहिला बे?" म्हणत असेल तर म्हणू द्या, निवेदन प्रमाण मराठीत असलं तरी बिघडत नाही. पण जी बोली कानावरून गेलेलीच नाही, ती केवळ चवीपुरती घालू नका. त्या भागातला वाचक दुसऱ्या ओळीला ओळखतो.

खर्डा झाला की आठवडाभर त्याकडे बघू नका. नंतर मोठ्याने वाचा, मनात नाही. दम लागेल तिथे वाक्य तोडा, जीभ अडखळेल तिथला शब्द बदला.

शेवटी पुन्हा रेकॉर्डिंग लावा. ऐकणारा जिथे हसला किंवा गप्प झाला, गोष्ट तिथेच संपली होती. त्यानंतर "या प्रसंगातून मला शिकायला मिळालं" वगैरे लिहिलं असेल तर ते निर्दयपणे काढा. माझ्या खर्ड्यातला असा अख्खा परिच्छेद गेला. आता ती गोष्ट आजीच्या तेराव्यानंतर मोरीत सापडलेल्या वडीपाशी थांबते. अर्धी गुलाबी, अर्धी हिरवी, वर अंगठ्याचा खळगा.