'आज ५०० कॅलरी जाळल्या' म्हणायच्या आधी या चुका टाळा

सोलापूरच्या संभाजी तलावाला सकाळी चक्कर मारायला गेलात की निम्म्या लोकांच्या मनगटावर घड्याळ दिसतं, आणि फिरणं संपलं की सगळे आधी किती कॅलरी जळल्या तो आकडा बघतात, मग तो आकडा वसूल करायला नाश्त्याच्या गाडीकडे. गडबड तिथंच होते, कारण हा आकडा अंदाज असतो आणि बऱ्याचदा जास्तीच्या बाजूनं चुकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बसून जळणाऱ्या कॅलरी पण व्यायामाच्या खात्यात टाकणं. हिशोब साधा आहे, मेट गुणिले वजन किलोत गुणिले तास. मेट म्हणजे नुसतं बसलं तर जेवढी ऊर्जा लागते त्याच्या किती पट. ताशी ५ किमीच्या आसपास चालणं साधारण ३.५ मेट धरतात. ७० किलोचा माणूस पाऊण तास चालला की १८४ कॅलरी, पण त्यातला १ मेट तर घरी पेपर वाचत बसला असता तरी जळलाच असता ना! तो वजा केला की उरतात १३१. एवढ्या तर २५ ग्रॅमपेक्षा कमी शेंगदाण्यात येतात, म्हणजे मूठभर पण नाही, आणि आपल्याकडं शेंगा चटणीवर तेल सोडल्याशिवाय भाकरी खाली जात नाही, त्या एका मोठ्या चमचाभर तेलाच्या १२० वेगळ्या. बऱ्याच घड्याळांत ॲक्टिव्ह आणि टोटल असे दोन आकडे असतात, बघायचा तो ॲक्टिव्ह.

वेळेचं पण तसंच. बॅडमिंटन दीड तास खेळलो म्हणायचं, पण कोर्ट रिकामं व्हायची वाट बघणं, पाणी पिणं, कालच्या मॅचवर गप्पा, हे सगळं त्यातच. हाललात तेवढाच वेळ धरा. जिममध्ये तर दोन सेटच्या मध्ये मोबाईल बघण्यातच निम्मा वेळ जातो.

घाम बघून तर अंदाज बांधूच नका. घामानं चरबी जात असती तर मे महिन्यात अख्खं सोलापूर सडपातळ झालं असतं. घामानं जातं ते पाणी, दोन तांबे प्यायलं की वजन परत जागेवर. वर उन्हाळ्यात अजून एक भानगड, अंग गार ठेवायला रक्त कातडीकडे जास्त पाठवावं लागतं म्हणून त्याच वेगाला ठोके वाढतात, आणि ठोक्यांवरून हिशोब करणाऱ्या घड्याळाला वाटतं गडी लै मेहनत करतोय. एप्रिल-मेमधला आकडा डिसेंबरपेक्षा मोठा दिसला तर खुश व्हायचं कारण नाही.

घड्याळावर किती भरवसा ठेवायचा? २०१७ ला स्टॅनफर्डच्या लोकांनी मनगटावरची सात यंत्रं तपासली. ठोके बऱ्यापैकी बरोबर निघाले, पण कॅलरीत सगळ्यात चांगलं यंत्र पण सरासरी २७ टक्के चुकत होतं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. तेव्हापासून यंत्रं बदललीत, तरी आकडा छातीठोक सांगण्यासारखा नाहीच.

आकडा फारच विचित्र येत असेल तर आधी प्रोफाईल उघडा. वजन दोन वर्षांपूर्वीचं असतं, कधी घड्याळ पोराच्या नावानं चालू असतं. पट्टा सैल असला तरी ठोके चुकतात. ट्रेडमिलवर वजन टाकलं नाही तर मशीन स्वतःच्या मनानं धरतं, आणि दांडा धरून चाललात तर खरी मेहनत कमी होते पण आकडा तोच राहतो (हे मला सगळ्या जिममध्ये दिसतं, सांगितलं तर लोक रागावतात).

कॅलरी मोजायच्या ॲपमध्ये सुरुवातीलाच 'मी रोज व्यायाम करतो' असं निवडलं असेल तर रोजच्या कोट्यात ते आधीच धरलेलं असतं. वरून परत आजचं चालणं टाकलं की तेच दोनदा मोजलं जातं. एकच काहीतरी ठेवा.

तीनेक आठवडे खाणं नीट लिहून वजन बघा. हिशोबानं उतरायला पाहिजे होतं आणि हललंच नाही, तर खाणं लिहिताना काही सुटतंय का बघा, आणि व्यायामाचा आकडा निम्मा धरून पुढं चला.

आणि ज्यांना बीपीची मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉलसारखी गोळी चालू आहे त्यांचं उलटं होतं. ठोके तेवढे वाढत नाहीत, म्हणून ठोक्यांवरून हिशोब करणारं घड्याळ कमी दाखवू शकतं. त्यांनी ठोक्यांऐवजी अंतर आणि वेळेवरून वरचा मेटचा हिशोब करावा, आकड्यासाठी गोळी चुकवू नये.