निधी मागण्याआधी: गट, संस्था आणि सामाजिक उद्योग नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

बचतगटांचे आणि लहान संस्थांचे प्रस्ताव तयार करायला मी बरीच वर्षं मदत करते आहे. नव्याने येणाऱ्या जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो, "ताई, निधी कुठून मिळेल?" त्यावर मी विचारते, पैसा नेमका कशासाठी हवाय? यंत्रासाठी, कच्च्या मालासाठी, कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी, की प्रशिक्षणासाठी? उत्तर बदललं की जायचं ठिकाणही बदलतं. जिथे कर्ज मागायला हवं तिथे अनुदानाची वाट बघत वर्ष घालवलेले गट मी पाहिलेत. जिथे देणगीच योग्य होती तिथे कर्ज काढून बसलेल्या संस्थाही पाहिल्यात.

माझ्यापुरता एक साधा निकष आहे. ज्या कामाचे पैसे गिऱ्हाईक देणार आहे, त्यासाठी कर्ज घ्यावं. ज्या कामाचे पैसे कुणीच गिऱ्हाईक म्हणून देणार नाही, त्यासाठी देणगी, अनुदान किंवा सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा निधी, शोधावा. मसाल्याचा धंदा पहिल्या प्रकारात येतो, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी चालवलेला अभ्यासवर्ग दुसऱ्या. पुष्कळ संस्था दोन्ही करतात आणि त्यात गैर काहीच नाही. फक्त दोन्हींचे हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा. ते एकदा मिसळले की बँकेला धंद्याचा नफा दिसत नाही आणि देणगीदाराला आपला पैसा कुठे गेला ते कळत नाही.

बचतगटापासून सुरुवात करते, कारण गावात उभं राहणारं बहुतेक काम तिथूनच सुरू होतं. नाबार्डने, म्हणजे राष्ट्रीय कृषी आणि ग्रामीण विकास बँकेने, १९९२ साली ५०० गटांवर बँक जोडणीचा प्रयोग केला. तेव्हापासून आजपर्यंत बँका गटाचं तारण म्हणून पाहत आल्या ते त्याच्या वह्यांकडे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड आणि नियमित लेखे ही पंचसूत्री प्रत्येक प्रशिक्षणात पाठ करून घेतात. नवीन गटांना ती औपचारिकता वाटते, पण बँकेत नेमकं तेच तपासलं जातं. एका गटाच्या कर्जाच्या वेळी शाखाधिकाऱ्यांनी इतिवृत्ताची वही उघडली आणि थेट दिवाळीचा महिना काढला. सणात बैठक झाली का, हे त्यांना बघायचं होतं. झाली होती. दोघी गैरहजर होत्या, त्यांना प्रत्येकी दहा रुपये दंड लावला होता आणि तो पुढच्या बैठकीत जमा झाल्याची नोंदही होती. साहेबांनी कॅशबुकात ते वीस रुपये शोधले आणि ते सापडल्यावरच पुढची कागदपत्रं मागितली. प्रस्तावातली गुळगुळीत भाषा त्या दिवशी कुणी वाचलीसुद्धा नाही.

म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेची गोष्ट यासाठीच नव्या गटांना सांगते. संस्थापक चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी बँकेचा परवाना मागितला, तेव्हा प्रवर्तक निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने अर्ज नाकारला. बायका पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशेब घाला, आम्ही तोंडी करून दाखवतो. १९९७ मध्ये बँक उभी राहिली. लिहिता येत नसेल तर गावातली शिकलेली मुलगी वही लिहून देईल, पण हिशेब गटातल्या प्रत्येकीला तोंडपाठ हवा.

सरकारी आधाराच्या दोन मोठ्या छत्र्या आहेत. एक उमेद, म्हणजे राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान, आणि दुसरं १९७५ साली स्थापन झालेलं महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम. उमेदमध्ये गटाला फिरता निधी मिळतो. राज्याने २०२३ मध्ये तो १५ हजारांवरून ३० हजार रुपये केला. पुढे ग्रामसंघामार्फत, म्हणजे गावातल्या गटांच्या संघामार्फत, समुदाय गुंतवणूक निधी येतो आणि मग बँकेचं कर्ज. गटाला १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण द्यावं लागत नाही. शाखेत कुणी मागितलंच, तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनेचा उल्लेख करून लेखी कारण मागा. आवाज चढवायची गरज पडत नाही, लेखी मागितलं की सहसा विषय मिटतो. भेटायचं कुणाला, तर आधी गावातल्या सीआरपी ताईंना, म्हणजे उमेदच्या समुदाय संसाधन व्यक्तींना, मग पंचायत समितीतल्या उमेदच्या तालुका कक्षाला. माविमच्या गटांसाठी लोकसंचलित साधन केंद्र असतं, तिथे जा.

आता ज्या जागी सगळ्यात जास्त गट अडकतात तिथे येते. प्रक्रिया उद्योगासाठी २०२० पासून केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना आली, कृषी खात्यातली मंडळी तिला पीएमएफएमई म्हणतात. प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, वैयक्तिक उद्योगाला जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान, आणि गटातल्या सभासदाला बीजभांडवल म्हणून ४० हजारांपर्यंत, अशी तिची रचना. योजनांच्या मुदती आणि अटी बदलत राहतात, म्हणून यंदा अर्ज घेतले जात आहेत का हे आधी तालुका कृषी कार्यालयात विचारा. पण अनुदान कसं काम करतं ते मात्र समजून घ्या, कारण कर्जाशी जोडलेल्या बऱ्याच योजना याच पद्धतीने चालतात. आठ लाखांचा प्रकल्प धरू. दहा टक्के, म्हणजे ८० हजार, आपण घालायचे. उरलेले ७ लाख २० हजार बँक कर्ज म्हणून देते. २ लाख ८० हजारांचं अनुदान येतं ते कर्जखात्याला जोडलेल्या वेगळ्या खात्यात, आणि तीन वर्षं तिथेच राहतं. उद्योग चालू असेल आणि कर्ज थकलेलं नसेल तर ते कर्जात वळतं होतं. हातात रोख येत नाही. "सबसिडी आली की मिरची भरू" असं ठरवून बसलेल्या गटाला हे उशिरा कळतं.

मसाल्याच्या गटाचंच उदाहरण पुरतं. नवी मिरची बाजारात येते ती फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमाराला. वर्षभराची ब्याडगी आणि संकेश्वरी तेव्हाच भरावी लागते, नाहीतर पावसाळ्यानंतर भाव परवडत नाही आणि मालही तसा राहत नाही. धणे, हळद, खोबरं, तेल, पाकिटं, लेबल सगळं आधी आणायचं. दुकानदार माल उधारीवर ठेवून घेतो आणि पैसे महिन्या-दोन महिन्यांनी देतो. म्हणजे मार्चमध्ये घातलेला रुपया परत यायला दिवाळी उजाडते. योजनांमधून यंत्र मिळतं, कारण यंत्राचा फोटो काढता येतो, त्यावर पाटी लावता येते. खेळतं भांडवल, म्हणजे असा मालात अडकणारा पैसा, मागायला मात्र गट बिचकतो. मग समाजमंदिराच्या कोपऱ्यात कांडप यंत्र प्लॅस्टिक पांघरून उभं राहतं आणि विजेच्या बिलाचा स्थिर आकार दर महिन्याला येत राहतो.

म्हणून माझा आग्रह असा असतो की पहिलं वर्ष गावातल्या डंकावर किलोमागे मजुरी देऊन मसाला कुटून घ्या. अन्नसुरक्षेची मूळ नोंदणी करा. लहान उलाढालीसाठी तिची फी वर्षाला १०० रुपये आहे आणि १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापता येतो. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करा, ती मोफत होते. कर्ज मागायचं ते मिरची भरण्यासाठी मागा. बँकेत याला कॅश क्रेडिट म्हणतात, वापराल तेवढ्यावरच व्याज लागतं. दोन हंगाम विक्रीचे आकडे हातात आले की किती क्षमतेचं यंत्र हवं ते आपोआप कळतं. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचं पुढे लिज्जत झालं. त्यांनी देणगी मागायची नाही असं ठरवलं होतं आणि संस्था म्हणून नोंदणी झाली ती १९६६ मध्ये. आधी माल, मग संस्थेची नोंदणी, हा क्रम आजही बहुतेक गटांना मानवतो.

नोंदणी कोणती करायची हा दुसरा मोठा प्रश्न. महाराष्ट्रात संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० अशा दोन्हींखाली धर्मादाय कार्यालयात संस्था नोंदवायचा रिवाज आहे. दुसरा पर्याय कंपनी कायद्याच्या कलम ८ची कंपनी. शेतकऱ्यांचा माल एकत्र विकायचा असेल तर शेतकरी उत्पादक कंपनी, तिच्यात सभासद मालक असतात आणि नफा वाटता येतो. न्यासात, म्हणजे ट्रस्टमध्ये, किंवा कलम ८च्या कंपनीत नफा वाटता येत नाही, हे सही करण्याआधी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. धर्मादाय संस्था वस्तू विकू शकते, पण तिचा उद्देश 'सर्वसाधारण लोकोपयोगी' या प्रकारात मोडत असेल, तर विक्रीचं उत्पन्न एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेलं की त्या वर्षाची आयकर सवलत धोक्यात येते. विक्री वाढणार असेल तर संस्थेची घटना (नियमावली) लिहितानाच सीएशी बोला.

संस्था झाल्यावर आयकराच्या दोन नोंदण्या लागतात. एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होऊन कलमांचे क्रमांक बदलले, तरी बोलण्यात सगळे अजून बारा-अ आणि ऐंशी-जी असंच म्हणतात. पहिलीमुळे संस्थेच्या उत्पन्नाला सूट मिळते, दुसरीमुळे देणगीदाराला. सुरुवातीला दोन्ही तात्पुरत्या मिळतात, त्या पुढे नियमित करून घ्यायची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. निती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांसाठीच्या पोर्टलवरही नोंद करा.

आणि बदल अर्ज. विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला, की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करावा लागतो. हे काम कुणालाच महत्त्वाचं वाटत नाही. मग कधीतरी एखादी कंपनी निधी द्यायला तयार होते, परिशिष्ट १ची, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीची, प्रत मागते, आणि तिच्यावर वीस वर्षांपूर्वीच्या मंडळाची नावं असतात, त्यातले निम्मे हयात नसतात. चांगलं काम असलेल्या संस्थांचा निधी या एका कागदापायी थांबलेला मी पाहिलाय आणि दर वेळी जीव हळहळतो. निवडणूक झाली की त्याच आठवड्यात अर्ज द्या.

सीएसआरबद्दल गैरसमज फार. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींचं नक्त मूल्य, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा यातलं एक जरी असलं, तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करावे लागतात. ही रक्कम सहसा कारखान्याच्या आसपासच्या गावांत जाते. त्यामुळे चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी, लोटे इथल्या संस्थांना जी संधी आहे ती दुर्गम तालुक्यातल्या संस्थेला सहज मिळत नाही, आणि हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी (हा निधी घेण्यासाठीची सरकारी नोंदणी) आणि किमान तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. नव्या संस्थेने जुन्या, विश्वासाच्या संस्थेबरोबर भागीदारीत काम करावं. तिच्या नावावर निधी येईल, काम तुम्ही कराल, पण आपसातला करार लेखी असू द्या. परदेशी निधीचा विचार नव्यांनी सध्या करू नये. एफसीआरए, म्हणजे परदेशी निधीच्या कायद्याखालच्या, नोंदणीसाठी तीन वर्षं काम आणि समाजकामावर १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर तो पैसा एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. अमेरिकेतली मराठी मंडळी प्रेमाने विचारतात, त्यांनाही हेच सांगावं लागतं.

आपल्या माणसांच्या देणग्या मात्र पहिल्या दिवसापासून मागा. पुण्या-मुंबईत नोकरी करणारी गावची मुलं दरमहा पाचशे रुपये द्यायला तयार असतात, त्यांना कुणी नीट विचारलेलं नसतं, एवढंच. रोख दोन हजारांवर घेऊ नका, त्यावर देणगीदाराला सवलत मिळत नाही. वर्षाअखेरी देणगीदारांची माहिती आयकर विभागाला ऑनलाइन कळवा. 'लोकसत्ता' दरवर्षी गणेशोत्सवात 'सर्वकार्येषु सर्वदा'मधून निवडक संस्थांची ओळख करून देतं आणि वाचक त्यांना भरभरून देतात. तिथल्या ओळखी वाचा. काय काम, कुणासाठी, आता नेमकी कशाची गरज, इतक्या साध्या शब्दांत आपलं काम सांगता आलं पाहिजे.

अंदाजपत्रकात एक गोष्ट लपवू नका, ती म्हणजे माणसांचे पैसे. "आमचे कार्यकर्ते सेवाभावी आहेत" असं लिहून मानधनाचा रकाना शून्य ठेवणाऱ्या संस्था दोन वर्षांत थकतात. हिशेबनीसाचं मानधन, प्रवास, लेखापरीक्षणाची फी, फोन, सगळं लिहा. देणारा काही रक्कम कापेल, कापू दे. न मागितलेलं मात्र कुणीच देत नाही. प्रत्येक प्रकल्पाची खातेवही वेगळी ठेवा आणि उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे निधी ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, पुढच्या हप्त्याची आठवण यायच्या आधी पाठवा.

शेवटचं सांगणं दलालांबद्दल. "सबसिडी मंजूर करून देतो, दहा टक्के द्या" म्हणणारा माणूस प्रत्येक तालुक्यात भेटतो. अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्प अहवाल, बँकेचा पाठपुरावा आणि परवाने यांसाठी जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात आणि त्यांचं मानधन सरकार देतं, गटाने द्यायचं नसतं. उमेद आणि माविमचे कर्मचारीही याच कामासाठी आहेत. कुणी फी मागितली, तर पैसे द्यायच्या आधी कृषी कार्यालयात जा, संसाधन व्यक्तींची यादी मागा आणि त्या माणसाचं नाव तिच्यात आहे का ते बघा.