छोट्या कॉलेजातून फिजिक्सचा पहिला संशोधन प्रस्ताव: बजेट कसं मांडायचं

पहिल्याच प्रस्तावात एक्सआरडी मशीन (क्ष-किरणांनी पदार्थाची स्फटिकरचना तपासणारं) मागू नका. अमळनेर, शहादा किंवा चोपड्याच्या कॉलेजातून असा अर्ज गेला की तपासणारा दोन गोष्टी विचारणारच: महिन्याला किती सॅम्पल होणार, आणि प्रकल्प संपल्यावर एक्स-रे ट्यूब गेली तर पैसे कोण भरणार? प्रवास करून जे वापरता येतं ते मागायचं नाही, रोज हाताशी लागतं तेवढंच मागायचं. एवढं ठरवलं की अर्धं बजेट तिथेच सुटतं.

प्रवास करून वापरायच्या उपकरणांसाठी जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आधी पालथं घाला. मग इंदूर. तिथलं यूजीसी-डीएई कन्सोर्टियम फॉर सायंटिफिक रिसर्च हे मुळात विद्यापीठं-कॉलेजांतल्या संशोधकांसाठीच आहे. कमी तापमानातली मापनं, चुंबकीय मापनं, शिवाय इंडस सिंक्रोट्रॉनवरच्या (तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावरच्या) बीमलाइन, म्हणजे प्रयोगाच्या जागासुद्धा. खानदेशाला इंदूर मुंबईपेक्षा जवळ, तरी आपल्याकडे आधी आठवते ती पवई! टीईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप), ईएसआर (इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स) लागणार असेल तर पवईच्या आयआयटी मुंबईचं सैफ, म्हणजे बाहेरच्यांनाही खुलं असलेलं उपकरण केंद्र, आहेच. बाकी कुठे काय खुलं आहे ते देशभरातल्या उपकरणांची यादी देणाऱ्या आय-स्टेम पोर्टलवर शोधा. ज्या सोयीवर अवलंबून राहणार तिचं नाव, सॅम्पलमागचा दर आणि सॅम्पलची संख्या प्रस्तावात स्पष्ट लिहा. 'कॅरॅक्टरायझेशन' (सॅम्पलची तपासणी) असं मोघम लिहून एक गोल रकम टाकली की तिला पहिली कात्री लागते.

जेआरएफचा, म्हणजे प्रकल्पावरच्या ज्युनिअर रिसर्च फेलोच्या मानधनाचा हिशोब सरळ आहे. १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, म्हणजे ८,८८,०००. तिसऱ्या वर्षी एसआरएफ (सीनिअर रिसर्च फेलो) म्हणून ४२,०००, म्हणजे ५,०४,०००. एकूण १३,९२,००० आणि एचआरए (घरभाडे भत्ता) वेगळा. हा दर नेट किंवा गेट असलेल्या उमेदवारासाठी धरायचा. आणि पुण्याच्या मित्राचा प्रस्ताव समोर ठेवून आकडे उतरवू नका. घरभाड्यासाठी केंद्राने शहरांचे वर्ग केले आहेत: पुणे एक्स वर्गात, जळगाव-धुळे-नंदुरबार झेड वर्गात, त्यामुळे एचआरएची टक्केवारीच निराळी.

आता जे बहुतेक जण लिहायचं विसरतात ते: वीज, पाणी आणि अर्थिंग. ३ किलोवॉटची ट्यूब फर्नेस (नळीच्या आकाराची भट्टी) २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर ओढते. लॅबच्या जुन्या बोर्डावर ती चालवू नका, स्वतंत्र लाइन आणि एमसीबी धरा. फर्नेस यूपीएसवर टाकायची नाही, बॅटऱ्या लगेच बसतात. यूपीएसवर फक्त पोटेन्शिओस्टॅट (विद्युत-रासायनिक मापनाचं उपकरण), कॉम्प्युटर आणि टेंपरेचर कंट्रोलर. वीज आल्यावर फर्नेस आपोआप पूर्ण ताकदीने सुरू होणार नाही अशी सेटिंग कंट्रोलरमध्ये आहे का, हे कोटेशन मागतानाच विचारा. भराभर तापवलं की अल्युमिनाची ट्यूब तडकते. मिनिटाला ५ अंशांच्या आत राहिलेलं बरं.

व्हॅक्यूम सिस्टिम असेल तर वीज जाणं आणखी महागात पडतं. रोटरी पंप थांबला की आतल्या व्हॅक्यूममुळे त्याचं तेल उलटं चेंबरकडे ओढलं जातं. म्हणून वीज जाताच बंद होणारा आयसोलेशन व्हॉल्व्ह घ्या. तापवलेल्या तेलाच्या वाफेवर चालणाऱ्या डिफ्यूजन पंपाला थंड पाणी लागतं, आणि मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना गच्चीवरच्या टाकीतलं पाणी काय थंड असणार? तेलाची वाफ नीट गोठत नाही आणि चेंबरपर्यंत येते. बोअरचं जड पाणी वापरलं तर कूलिंगच्या नळ्यांत क्षार बसतात ते वेगळंच. बंद फेऱ्याचा चिलर आणि पाणी थांबताच हीटर तोडणारा फ्लो स्विच, हे दोन्ही मुख्य उपकरणाच्या ओळीतच मागा. नंतर त्यासाठी पैसे मिळत नाहीत.

काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगच्या खड्ड्याभोवतीची ओल जाते आणि रोध वाढतो. लहान करंट मोजताना ५० हर्ट्झची गुणगुण सिग्नलमध्ये दिसायला लागली की आधी तिकडे बघा. खड्ड्यात पाणी घालण्याची सोय ठेवा.

कोटेशन घेताना जीएसटी, वाहतूक आणि इन्स्टॉलेशन धरलंय का ते वाचा. संशोधन संस्थांना मिळणारा ५ टक्के जीएसटीचा सवलतीचा दर जुलै २०२२ मध्ये गेला, म्हणून त्याआधीची कोटेशनं आधाराला घेऊ नका. एएनआरएफ (अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन) आल्यावर सर्ब, म्हणजे आधी संशोधनाला पैसे देणारं केंद्राचं मंडळ, त्यात विलीन झालं, तेव्हा जुने सर्बचे नमुनेही बाजूला ठेवा.

पैसे आल्यावर एका हेडचे (खर्चाच्या शीर्षाचे) दुसऱ्या हेडवर परस्पर खर्चायचे नाहीत. ३१ मार्चनंतर युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे कसे वापरले याचा दाखला) केंद्राच्या आर्थिक नियमांतल्या जीएफआर १२-ए नमुन्यात द्यावं लागतं, व्याजाचा हिशोबही द्यावा लागतो. कॉलेजच्या अकाउंट्स विभागाला हे पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा. अर्ज भरताना संस्थेचं एंडोर्समेंट (संमतीपत्र) मात्र शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. प्राचार्य बाहेरगावी असले की पोर्टल काही थांबत नाही.