रात्रीचा जॉब प्रॉडक्शनला सोडण्याआधी

रात्रीचा जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्रॅम, बिघडतो तेव्हा आपण झोपेत असतो, म्हणून तो प्रॉडक्शनला (खऱ्या वापरात) सोडण्याआधी सगळी तयारी दिवसाउजेडी उरकायची.

आधी किल्ल्या बघा. कोडमध्ये ॲक्सेस की (क्लाउड खात्यात शिरण्याची गुप्त किल्ली) राहून गेली असेल तर नुसती ती ओळ खोडून भागत नाही, गिटच्या, म्हणजे कोडचा इतिहास जपणाऱ्या साधनाच्या, जुन्या कमिटमध्ये (नोंदीत) ती तशीच पडून असते. की रद्द करा, नवी काढा, सीक्रेट मॅनेजरमध्ये (गुपितं जपणाऱ्या सेवेत) ठेवा. परवानग्याही मोजून द्या. एकाच बकेटमधून (स्टोरेजच्या एका कप्प्यातून) वाचायचं असेल तर अख्ख्या स्टोरेजचा ताबा कशाला?

मग स्वतःला विचारा, हा जॉब दोनदा चालला तर काय होईल? कारण कधी ना कधी तो चालणारच. एसक्यूएस या ॲमेझॉनच्या मेसेज-रांगेच्या सेवेतली स्टँडर्ड रांग तोच मेसेज पुन्हा देऊ शकते. शिवाय उचललेला मेसेज इतरांपासून लपून राहतो तो डीफॉल्टने 30 सेकंदच. तुमच्या कामाला 40 सेकंद लागले की दुसरा वर्कर (रांगेतून काम उचलणारा प्रोग्रॅम) तेच काम हाती घेतो. माझ्या एका जॉबने असंच लोकांना एकेक बिल दोनदा पाठवलं होतं. मी तेव्हा ती वेळ वाढवून निर्धास्त झालो. ते अर्धंच औषध होतं. प्रत्येक व्यवहाराला ठरलेला आयडी द्या आणि डेटाबेसमध्ये त्यावर युनिक कन्स्ट्रेंट (तोच आयडी दुसऱ्यांदा न घेण्याचा नियम) लावा. ‘आधी बघू, नसेल तर घालू’ हे कोडमध्ये लिहून उपयोग नाही, कारण दोन वर्कर एकाच क्षणी बघतात आणि दोघांनाही ‘नाही’ असंच दिसतं.

जॉब मध्येच मेला तर? लॅम्डा या ॲमेझॉनच्या कोड चालवणाऱ्या सेवेचा टाइमआउट (कामाची कमाल वेळ) डीफॉल्टने 3 सेकंदांचा असतो आणि वाढवून वाढवून 15 मिनिटांपर्यंतच जातो. त्याहून लांबणारं काम तुकड्यांत करा आणि कुठपर्यंत आलो याची नोंद ठेवा. कंटेनर (ॲप आणि त्याला लागणारं सगळं भरलेले डबे) सांभाळणारं कुबरनेटीस पॉड, म्हणजे अशा डब्यांचा गट, बंद करताना आधी सिगटर्म हा ‘आवरतं घे’ असा सिग्नल पाठवतं, साधारण 30 सेकंद वाट पाहतं आणि मग सरळ मारून टाकतं. कंटेनर कसा बनवायचा ते सांगणाऱ्या डॉकरफाइलमधली शेवटची कमांड शेलमार्फत (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅममार्फत) चालत असेल तर तो सिग्नल बहुधा शेलपाशीच अडतो, ॲपला पत्ताच लागत नाही. ती एक्झेक फॉर्ममध्ये, म्हणजे शेलशिवाय थेट चालेल अशी, लिहा.

बॅश (लिनक्सचं एक शेल) स्क्रिप्टमध्ये set -e (कमांड फसली की थांब) आणि पाइपफेल दोन्ही चालू करा, नाहीतर पाइपमधली (एकीचं आउटपुट पुढचीला देणाऱ्या साखळीतली) पहिली कमांड फसली तरी शेवटची यशस्वी झाली म्हणून स्क्रिप्ट खुशाल पुढे जाते. रीट्राय (फसल्यावर पुन्हा प्रयत्न) लावताना मधलं अंतर वाढवत न्या, त्यात थोडा रँडमपणाही घाला. क्रॉनची, म्हणजे वेळापत्रकाने जॉब सुरू करणाऱ्या साधनाची, वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आहे ना, तेही बघा. टेराफॉर्मचा, म्हणजे क्लाउडची मांडणी कोडने बदलणाऱ्या साधनाचा, प्लॅन (काय बदलणार याची यादी) वाचल्याशिवाय अप्लाय नको. डेटाबेससमोर ‘बदलून नवा’, म्हणजे जुना काढून दुसरा, अशा अर्थाची ओळ दिसली तर हात मागे घ्या. क्लाउडवॉच या ॲमेझॉनच्या सेवेतले लॉग (जॉबच्या नोंदी), मुदत न घातल्यास, कधीच पुसले जात नाहीत, आणि बिल वाढत राहतं.

अलार्मचं मात्र बहुतेकांचं चुकतं. एररवर अलार्म असतो, पण जॉब सुरूच झाला नाही तर एरर येणार कुठून? जॉबने ‘संपलं’ अशी खूण ठरल्या वेळेत पाठवली नाही, तर अलार्म वाजला पाहिजे.

हे सगळं झालं की टेस्ट एन्व्हायरनमेंटमध्ये भर दुपारी जॉब हाताने सुरू करा, निम्म्यावर मुद्दाम मारा, परत चालवा आणि टेबलमधल्या ओळी मोजा. एकही जास्त किंवा कमी भरली, तर आज रात्री तो सोडू नका.