बुद्धिबळाला दिलेला वेळ सत्कारणी लागतोय का? चार आठवड्यांत तपासा

तीन मिनिटांचा एक डाव म्हणजे दोघांची मिळून फार तर सहा मिनिटं. असे दहा डाव झाले की तास संपतो, आणि दुसऱ्या दिवशी त्यांतली एकही खेळी आठवत नाही. बुद्धिबळात वेळ वाया जातो का, असं विचारणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा हाच तास असतो. त्याच तासात एक सावकाश डाव खेळून त्याची चिकित्साही करता येते. दोन्हीला नाव एकच असलं, तरी हिशेब वेगवेगळा मांडावा लागतो.

त्याआधी एक अपेक्षा वजा करून टाका. बुद्धिबळाने गणित सुधारतं, स्मरणशक्ती वाढते, एकूणच बुद्धी तल्लख होते, असं मुलांना क्लासला घालताना हमखास सांगितलं जातं. इंग्लंडमध्ये 100 प्राथमिक शाळांत याची मोठी चाचणी झाली. 2016 साली तिचे निष्कर्ष आले: शिकवणी संपून वर्ष झाल्यावर, बुद्धिबळ शिकलेल्या मुलांच्या गणिताच्या गुणांत इतरांच्या तुलनेत फरक दिसला नाही. स्मरणशक्तीचं कोडं तर चेस आणि सायमन या मानसशास्त्रज्ञांनी 1973 सालीच बरंचसं उलगडलं होतं. खऱ्या डावातली स्थिती काही सेकंद दाखवली, तर निष्णात खेळाडू ती जवळपास जशीच्या तशी मांडतो. तीच मोहरी पटावर वाटेल तशी विखरून ठेवली, की नवशिक्यावरची त्याची आघाडी जवळजवळ संपते. म्हणजे तो जे साठवतो ते बुद्धिबळातले आकृतिबंध, आणि ते बुद्धिबळातच कामी येतात. खेळ आवडतो म्हणून खेळायचं असेल तर पुढचं वाचा; मुलाचं गणित कच्चं असेल तर तो वेळ गणितालाच द्या.

चार आठवड्यांसाठी आठवड्याला चार तास ठरवा. त्यात 15 मिनिटं अधिक प्रत्येक खेळीला 10 सेकंद, असे तीन डाव बसतात. 40 खेळ्यांच्या डावात प्रत्येकाला सुमारे पावणेबावीस मिनिटं मिळतात, म्हणजे पूर्ण डाव पाऊण तासाच्या आत आटोपतो. प्रत्येक डावानंतर 20 मिनिटं चिकित्सा. उरलेल्या पाऊण तासात 15-15 मिनिटं तीन दिवस कोडी सोडवा. डाव आणि चिकित्सा एकाच बैठकीत करा. ‘उद्या बघू’ म्हटलेला डाव सहसा पुन्हा उघडला जात नाही, आणि उघडलाच तरी त्या वेळी मनात काय चाललं होतं ते विसरलेलं असतं.

खरा मोबदला या 20 मिनिटांत आहे आणि लोक नेमकी तीच गाळतात. डाव संपताच इंजिनचं, म्हणजे खेळ्या तपासणाऱ्या संगणक प्रोग्रामचं, बटण दाबू नका. पहिली दहा मिनिटं इंजिनाशिवाय डाव पुन्हा चालवा आणि तीन जागा लिहून काढा: सर्वांत जास्त वेळ कुठे घेतला, समोरच्याच्या कुठल्या खेळीने दचकलात, आणि डाव हातातून सुटला असं कधी वाटलं. प्रत्येक जागी त्या क्षणी काय विचार केला होता, ते एका ओळीत लिहा. मगच इंजिन लावा. इंजिन प्रत्येक स्थितीचं मूल्यांकन प्याद्यांच्या मापात दाखवतं; ते दीड प्याद्यापेक्षा जास्त कोसळलं असेल तेवढ्याच खेळ्या बघा, बारीकसारीक चढउतार सोडून द्या. इंजिनची पहिल्या पसंतीची खेळी पुढच्या आठ अचूक खेळ्यांवर अवलंबून असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीची बघा. जिचं कारण तुम्हाला स्वतःच्या शब्दांत सांगता येतं ती निवडा. आधी इंजिन लावलं की माणूस ‘हो, बरोबर’ म्हणत मान डोलावतो आणि पुढच्या डावात तीच चूक करतो.

वहीत प्रत्येक मोठ्या चुकीपुढे एक अक्षर टाका. मोहरं फुकट दिलं तर ‘फ’, समोरच्याची धमकीच दिसली नाही तर ‘ध’, हिशेब चुकला तर ‘ह’, काय करायचं तेच सुचलं नाही तर ‘य’ (योजना), आणि घड्याळाच्या घाईत हात घसरला तर ‘व’. नवख्या खेळाडूच्या वहीत ‘फ’ आणि ‘ध’ यांचंच राज्य असतं. तसं असेल तर ओपनिंगचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक खेळ्यांचे, व्हिडिओ तूर्त बंद. पाठ केलेल्या पंधरा खेळ्यांतून समोरचा चौथ्याच खेळीला बाहेर पडतो, आणि फुकट गेलेला घोडा काही पाठांतराने परत येत नाही. सुरुवातीला मधली घरं धरणं, घोडे-उंट बाहेर काढणं आणि किल्लेकोट (कॅसलिंग) करणं एवढं पुरे. व्हिडिओ पाहायला मजा येते, जरूर पाहा. फक्त तो वेळ वहीत ‘करमणूक’ या रकान्यात लिहा, ‘सराव’ या रकान्यात नको.

‘ध’वर उपाय आहे, पण तो कंटाळवाणा आहे. प्रत्येक खेळीआधी स्वतःला विचारा: समोरच्याने आत्ताची खेळी कशासाठी केली? मग दोन्ही बाजूंचे शह, मोहरं मारणाऱ्या खेळ्या आणि धमक्या, याच क्रमाने तपासा. वाढीव 10 सेकंद यासाठीच असतात. तीन मिनिटांच्या डावात ही तपासणी मावत नाही, म्हणून त्या डावांतून सवय लागते ती आधी हात हलवण्याची.

कोड्यांतही हेच. शेवटपर्यंत सगळी चाल डोक्यात दिसल्याशिवाय मोहऱ्याला हात लावू नका. पंधरा मिनिटांत पाच-सहा सुटली तरी चालतील. चुकलेलं कोडं दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या. घड्याळ लावून धडाधड सोडवायची कोडी हा विजेच्या वेगाच्या डावांचाच भाऊबंद. आणि कोडं समोर आलं की ‘इथे काहीतरी आहे’ हे आधीच कळलेलं असतं. डावात ते कोणी सांगत नाही.

‘य’ वाढू लागले की अंतिम डावाकडे, म्हणजे मोजकीच मोहरी उरलेल्या टप्प्याकडे, वळा. राजा आणि एक प्यादं विरुद्ध एकटा राजा, इथून सुरुवात करा: पांढरा राजा ई6, प्यादं ई5, काळा राजा ई8. खेळी कोणाचीही असो, पांढरा जिंकतो. का, ते पटावर दोन्ही बाजूंनी खेळून पाहा. मग हीच मांडणी कडेच्या पट्टीत करा, म्हणजे राजा ए6, प्यादं ए5 आणि काळा राजा ए8. डाव बरोबरीत सुटतो. यातून उमगलेलं पुढे वर्षानुवर्षं पुरतं, ओपनिंगच्या फॅशनसारखं शिळं होत नाही.

हरण्याचं गणित मात्र आधीच समजून घ्या. ऑनलाइन व्यवस्था तुमची गाठ तुमच्याच तोडीच्या खेळाडूंशी घालते. तुम्ही सुधारलात की समोरचेही वरचढ येतात, त्यामुळे निम्म्याच्या आसपास डाव कायम हातचे जातच राहणार. खेळाडूंचं रेटिंग ठरवणाऱ्या एलोच्या सूत्रानुसार रेटिंगमध्ये 200 गुणांनी कमी असलेल्या खेळाडूविरुद्धही 100 डावांत साधारण 76 गुणच (विजयाला एक, बरोबरीला अर्धा) अपेक्षित असतात. फक्त जिंकल्यावरच मजा येत असेल तर हा सौदा तोट्याचा. लागोपाठ दोन हार झाल्या की त्या दिवशी पट मिटवा. गेलेले रेटिंगचे गुण भरून काढायला खेळलेला तिसरा डाव घाईत आणि रागात खेळला जातो, आणि रात्रीचे दोन वाजतात ते तिथूनच.

चौथ्या आठवड्याअखेर वहीत बारा डाव असतील. रेटिंग बघू नका, बारा डावांत ते नशिबानेही वरखाली होतं. पहिल्या सहा डावांतले ‘फ’ आणि ‘ध’ मोजा, मग शेवटच्या सहातले. ठरल्या वेळी पटावरून किती दिवस उठलात, तेही मोजा. चुका घटल्या आणि वेळेवर उठलात, तर हेच वेळापत्रक चालू ठेवा. चुका तेवढ्याच राहिल्या तरी डावांची ओढ टिकून असेल, तर आठवड्याला एक डाव कमी करा आणि तो वेळ कोड्यांना द्या. ठरलेल्या चार तासांचे दर आठवड्याला सात-आठ होत असतील, तर मोबाइलवरून अॅप काढा आणि फक्त संगणकावर किंवा समोरासमोर पटावर खेळा. समोर माणूस असला की हात लावलेलं मोहरं हलवावंच लागतं, आणि पुढचा डाव एका बटणावर सुरू होत नाही.