नववी ‘ब’चे सतरा मोबाइल : घ्यायचे कसे, परत द्यायचे कसे

शाळेत मोबाइलबंदी हवी की नको, यावर आमच्या शिक्षकखोलीत दोन वर्षं वाद चालला. मी गणिताची बाई. मला एवढंच दिसत होतं की सकाळी जितके मोबाइल घेतले तितके संध्याकाळी धड परत गेले पाहिजेत, आणि हा हिशेब कुणी मांडतच नव्हतं. शेवटी माझ्या वर्गापुरता मी मांडला. कुणाला करायचं असेल तर असं करा.

पहिला आठवडा काहीही गोळा करू नका. कोण आणतं आणि कशाला, एवढंच चिठ्ठीवर लिहून घ्या. माझ्या पटावर 42, आणणारे 17, त्यातले 11 एसटीने येणारे. पालकसभेत एका आईने सरळ सांगितलं, “बाई, गाडी चुकली तर पोरीने कळवायचं कसं? मोबाइल नको म्हणाल तर मी धाडणार नाही.” म्हणून ‘आणायचाच नाही’ हा नियम मी तिथेच सोडला. ‘शाळा सुटेपर्यंत हातात नाही’ हा धरला. पुढे 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही जवळपास हेच म्हटलं : सरसकट बंदी व्यवहार्य नाही, सोय असेल तिथे जमा करून घ्या, वर्गात वापर नको, शाळेत कॅमेरा-रेकॉर्डिंग नको, धोरण ठरवताना पालकांना विचारा. निकाल दिल्लीचा, पण त्या बातमीचं कात्रण दाखवल्यावर आमचे मुख्याध्यापक बरेच नरमले.

सामान फार लागत नाही. चपला ठेवायचा कापडी कप्प्यांचा पडदा मिळतो ना, तो आणा. कप्प्यांवर मार्करने हजेरी क्रमांक घाला आणि पडदा कुलपाच्या कपाटात आत टांगा. एक किल्ली तुमच्याकडे, दुसरी कार्यालयात. फोन सायलेंटवर चालत नाही, बंदच हवा. आमच्या कपाटात एकदा तिसऱ्या तासाला गजर सुरू झाला आणि अपूर्णांक राहिले बाजूला, कुणाचा गजर यावर पैजा लागल्या.

आता वही. इथे कंटाळा करू नका. क्रमांक, कंपनी, रंग, मुलाची सही आणि ‘काच’ असा वेगळा रकाना. हा रकाना मला अकराशे रुपयांना पडला. पहिल्याच महिन्यात एक वडील तडा गेलेला फोन घेऊन आले, “शाळेत फुटला.” तडा आधीचा होता हे मला माहीत होतं, वर्गालाही माहीत होतं. कागदावर नव्हतं. पैसे मी भरले. तेव्हापासून रोज : काच धड की तडा, आणि पुढे सही.

फोन बंद अवस्थेत घेऊ नका. समोर चालू करायला लावा, मग बंद करायला लावा. नाहीतर घरातला मेलेला जुना फोन कपाटात आणि खरा मोज्यात. हे मला तीन आठवड्यांनी कळलं, तेही दुसऱ्या पोराने चहाडी केली म्हणून. स्मार्ट घड्याळाचंही तेच, तेही कप्प्यात.

परत देणं बेल व्हायच्या आधी दहा मिनिटं सुरू करा, आधी एसटीवाल्यांचे. ज्याचा त्याच्याच हातात. ‘बाई, त्याचा मी देतो’ हे ऐकायचंच नाही.

चोरून वापरताना सापडला तर त्या दिवसापुरता कार्यालयात ठेवा आणि पालकांना बोलवा. वर्ष संपेपर्यंत ठेवून घेण्याची धमकी देऊ नका. बऱ्याच घरी तो एकच फोन असतो आणि आईच्या बचत गटाचे निरोप त्यावरच येतात. आणि गॅलरी उघडायची नाही. कितीही संशय असला तरी नाही.

अपवाद लेखी ठेवा. आमच्या एका मुलीला टाइप 1 मधुमेह आहे, दंडावरचा सेन्सर साखरेचा आकडा फोनवर दाखवतो. तिचा फोन बाकावर, पालथा. का ते तिच्या आईला विचारूनच वर्गाला सांगितलं. कुरकुर झाली नाही.

पहिल्या कप्प्यात मात्र माझा स्वतःचा फोन. हे सहकाऱ्यांना पटवणं मुलांपेक्षा जड गेलं, अजून दोघं ऐकत नाहीत. त्याहून जड आमचीच सवय : गृहपाठ रात्री नऊ वाजता व्हॉट्सॲपवर. आमच्याच जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवून पोरं अभ्यासाला बसतात. गाव एवढं करतं आणि शाळाच रात्री पोरांच्या हातात फोन देते! ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची देशभर पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या 2024 च्या अहवालात, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या 14 ते 16 वयाच्या मुलांपैकी 57 टक्क्यांनी आठवडाभरात फोनवर अभ्यासाचं काहीतरी केलं होतं, आणि समाजमाध्यमं वापरली होती 76 टक्क्यांनी. गृहपाठ बघायला उघडलेला फोन गृहपाठावर थांबत नाही, हे सांगायला खरं तर पाहणीही नको. मी आता गृहपाठ शेवटच्या तासाला फळ्यावर लिहिते, वहीत उतरवून झाल्यावरच फोन मिळतो.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी कार्यालयातला लँडलाइन उचलून बघा. आमचा सात महिने मेलेला होता, कुणाच्या लक्षातही नव्हतं. दुरुस्त करून त्याचा नंबर प्रत्येकाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावला. मधल्या सुट्टीत दोन-तीन आयांचे फोन येतात. डबा खाल्ला का, एवढंच विचारायचं असतं.