तोरा वाचताय? या चुका टाळा

तोरा म्हणजे आम्हा ज्यूंच्या धर्मग्रंथातली पहिली पाच पुस्तकं: उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद. सिमहाथ तोरा या सणाच्या दिवशी तिचं वर्षाचं वाचन संपतं आणि त्याच दिवशी पुन्हा ‘बरेशीथ’पासून, म्हणजे उत्पत्तीच्या पहिल्या शब्दापासून, सुरू होतं. त्या उत्साहात दरवर्षी कुणी ना कुणी ठरवतं, यंदा आपण अख्खी तोरा वाचून काढायची. उत्पत्तीचं पुस्तक भराभर होतं, कारण गोष्टी आहेत. निर्गमात मिसर, दहा पीडा, दुभंगलेला समुद्र, तिथवरही पानं उलटत राहतात. मग निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं येतात, लेवीयमध्ये होमबलींचे नियम येतात आणि गाडी रुतते. मी पाहिलेल्या कितीतरी घरांतल्या पुस्तकांत खुणेची फीत लेवीयच्या पहिल्या पाच-सहा पानांतच पडून आहे.

यात वाचणाऱ्याची बुद्धी कमी पडत नाही. चूक वाचण्याच्या पद्धतीत असते. ही पाच पुस्तकं कादंबरीसारखी सलग वाचायची नसतात. परंपरेनं त्यांचे 54 भाग पाडले आहेत. आठवड्याचा एक भाग, त्याला परशा म्हणतात, आणि प्रत्येक परशाचे पुन्हा सात तुकडे. रोज एक तुकडा घेतला तर वीस मिनिटं पुरतात. जुना दंडक असा, की आठवड्याचा भाग मूळ हिब्रूत दोनदा वाचायचा आणि एकदा ओंकेलोसच्या अरामी भाषांतरात. आपण तो असा पाळू शकतो: मराठीत दोनदा वाचा आणि तिसऱ्यांदा वाचताना शेजारी दुसरं भाषांतर किंवा राशी या भाष्यकारांची टीका ठेवा. राशी हे फ्रान्समधल्या त्रोआ गावचे (1040–1105). त्यांच्या बहुतेक टिपा चार-दोन ओळींच्या असतात आणि नेमक्या आपण अडतो तिथेच असतात. लेवीयमध्ये अगदीच अडलात तर 19वा अध्याय उघडा. शेताच्या कडा गरिबांसाठी न कापता ठेवा, आंधळ्यापुढे अडथळा ठेवू नका, शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करा, हे सगळं त्याच ‘कंटाळवाण्या’ पुस्तकात आहे.

‘हे तर आत्ताच वाचलं’ म्हणून पुढे जाणं

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या चुकीनं होतं, म्हणून इथे जरा थांबते.

उत्पत्तीचा 24वा अध्याय घ्या. अब्राहामाचा सेवक दहा उंट घेऊन मालकाच्या मुलासाठी, इसहाकासाठी, मुलगी बघायला निघतो. विहिरीवर रिबका भेटते, त्याला पाणी देते, उंटांसाठीही काढते. मग तो तिच्या घरी जातो आणि घडलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगतो. इथे आपण पान उलटतो. उलटू नका. बोट ठेवून दोन्ही हकिगती शेजारीशेजारी वाचा. विहिरीवर त्यानं आधी सोन्याची नथ आणि बांगड्या काढल्या, मग विचारलं, तू कुणाची मुलगी (वचनं 22–23). घरी सांगताना क्रम उलटा आहे: आधी विचारलं, मग नथ घातली (वचन 47). राशी म्हणतात, मुलगी कोण हे कळायच्या आत दागिने कसे दिलेस, असं घरच्यांनी विचारू नये म्हणून त्यानं क्रम बदलला. अब्राहाम म्हणाला होता, ‘माझ्या देशात, माझ्या आप्तांकडे जा’. सेवक सांगतो, ‘माझ्या बापाच्या घराण्याकडे जा’. ऐकणाऱ्यांना किती बरं वाटलं असेल! सोयरीक जमवायला गेलेला माणूस शब्द कसे तोलतो, हे आपल्या घरांत कुणाला समजावून सांगायला नको. पण दोन्ही हकिगती सारख्याच आहेत असं धरून चाललो तर हा माणूस आपल्याला भेटतच नाही.

पूर्वजांना देव्हाऱ्यात बसवणं

याकोब, यहूदा ही थोर माणसं, त्यांचं चुकेल कसं, असं मनाशी धरून वाचलं की तोरा दाखवते ते दिसेनासं होतं. आणि ‘बघा, हेसुद्धा असलेच’ असं म्हणून पुस्तक मिटलं तरी ते दिसत नाही.

याकोबानं आंधळ्या बापाला फसवलं ते हातांवर आणि मानेवर करडांची कातडी बांधून. पुढे त्याचेच मुलगे आपल्या भावाला, योसेफाला, विकतात, त्याचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून म्हाताऱ्या बापापुढे आणतात आणि म्हणतात, ‘हक्केर ना’ (उत्पत्ती 37:32). लगेच पुढच्या अध्यायात त्या मुलांतलाच यहूदा आपली विधवा सून तामार हिला जाळायला निघतो, तेव्हा ती त्याचीच मुद्रा, गोफ आणि काठी पुढे करते आणि तेच दोन शब्द वापरते, ‘हक्केर ना’ (38:25). अर्थ आहे ‘ओळखा ना’. हिब्रूतला ‘ना’ही विनवणीचाच आहे, आपल्या ‘ना’शी तो जुळला हा निव्वळ योगायोग, पण मराठी कानाला ते वाक्य थेट भिडतं. योसेफाला विकायची कल्पना यहूदाची होती. बापाला ऐकवलेले शब्द आता त्याच्यावर उलटले आहेत आणि तो कबूल करतो, ‘ती माझ्यापेक्षा न्यायी आहे’. पुढे 44व्या अध्यायात धाकट्या भावाच्या, बन्यामीनाच्या, जागी स्वतः गुलाम व्हायला तोच उभा राहतो.

या सगळ्यात ‘पाहा, यहूदा बदलला’ असं एकही वाक्य नाही. तोरा करडू, झगा आणि दोन शब्द समोर ठेवते आणि पुढे जाते. भाषांतरात कधी एकाच शब्दाला दोन ठिकाणी दोन प्रतिशब्द असतात, तेव्हा हा धागा तुटतो. म्हणून दोन भाषांतरं जवळ हवीत.

सुटं वचन उचलणं

‘डोळ्याबद्दल डोळा’ (निर्गम 21:24) सगळ्यांना पाठ असतं. पाचच वचनं आधी काय आहे? मारामारीत जखमी झालेल्याची बुडालेली मजुरी भरून द्या आणि त्याला बरं करा. तलमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथातल्या शास्त्र्यांनी या शिक्षेचा अर्थ पैशातली भरपाई असा ठरवला आणि तिची पाच कलमं मोजली: नुकसान, वेदना, औषधोपचार, बुडालेलं काम आणि अप्रतिष्ठा. वचन घेताना निदान मागचा-पुढचा अध्याय वाचा.

हिब्रू येईपर्यंत थांबणं

आमचे बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातले ज्यू, पूर्वज कोकणात किती पिढ्या राहिले. हाताशी तोराची गुंडाळी नव्हती. घाणा मात्र शनिवारी बंद असायचा, म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणायचं. तोंडी उरला होता तो ‘शेमा’, एकाच देवाची ग्वाही देणारी प्रार्थना. मुंबईत पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, झालं ते 1796 मध्ये, आणि 1880 नंतर तर अब्राहाम-योसेफाच्या कथांवर मराठीत कीर्तनं होऊ लागली. मराठीतून सुरू करण्यात कमीपणा नाही. अक्षरओळख बरोबरीनं चालू ठेवा, एवढंच.

एकटं वाचणंही टाळा. जोडीनं वाचायची पद्धत आहे, कारण समोरचा ‘हे कुठे लिहिलंय?’ विचारतो आणि आपल्याला पानावर परतावं लागतं.

शिकवण दुसऱ्याला लागू करणं

वाचताना ‘हे आमच्या जाऊबाईंनी वाचायला हवं’ असं मनात आलं की समजा, वाचन थांबलं. शेमामध्ये म्हटलंय, ‘आज मी तुला सांगतो ते शब्द तुझ्या हृदयावर असोत’ (अनुवाद 6:6). ‘आज’वर राशी म्हणतात, हे शब्द जुन्या, कुणी लक्ष न देणाऱ्या फर्मानासारखे नसावेत, लोक धावत ऐकायला जातात अशा नव्या फर्मानासारखे असावेत. मी तरी दर परशातून एकच गोष्ट घेते, त्याच आठवड्यात हातानं करता येईल अशी. ‘की तेत्से’ या एका परशात 74 आज्ञा मोजतात. गच्चीला कठडा बांध, कुणी पडू नये, ही त्यातलीच.

गेल्या वर्षी तो परशा वाचताना गुरुवारी अनुवाद 24:15 वर आले. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत दे. तो गरीब आहे, त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो. इस्त्रीवाल्यांचे पंधरा दिवसांचे पैसे राहिले होते, महिनाअखेरीला देऊ म्हणून. बाहेर अजून ऊन होतं. पुस्तक पालथं ठेवलं, पाकीट घेतलं आणि जिना उतरले. उरलेला तुकडा शुक्रवारी वाचला.